फॉरमॅट करू का?

मी पडले कॉन्व्हेंटची, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

आजी गेल्यावर आईने ट्रंकेतून तिची पत्रं काढली. अर्धी वाळवीने खाल्लेली. उरलेली मी सुट्टीत स्कॅन केली. घरातल्या खाजगी गोष्टी, आणि होस्टेलवर पेनड्राइव्ह म्हणजे सार्वजनिक मालमत्ता! म्हणून माझ्या उबुंटूवर व्हेराक्रिप्टने एक कुलूपबंद फाइल बनवून त्यात ठेवली. ‘फाइलसिस्टिम कोणती?’ विचारल्यावर ऐटीत एक्स्ट-४ निवडली. २००८ पासून लिनक्समध्ये मुरलेली, शिवाय जर्नल ठेवणारी, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी हिशोब सावरणारी.

ऐन सेमिस्टरमध्ये माझी हार्डडिस्क उडाली. म्हटलं, हरकत नाही, पेनड्राइव्ह आहे. रूममेटच्या विंडोजवर व्हेराक्रिप्ट उघडलं, पासवर्ड टाकला, नवीन ड्राइव्ह दिसला. डबल क्लिक केलं तर प्रश्न आला: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का?

मला वाटलं, फाइल करप्ट झाली, गेली पत्रं. रडवेली होऊन मी माउस ‘फॉरमॅट’वर नेलासुद्धा.

“अगं थांब! पासवर्ड घेतला ना त्याने?” रूममेट ओरडली.

घेतला होता. गोम तिथेच आहे. कुलूप उघडणं वेगळं, आतलं वाचणं वेगळं. व्हेराक्रिप्ट नुसते सांकेतिक बाइट उलगडून मशीनपुढे एक डिस्क ठेवतं. त्यावर फाइली कशा मांडल्यात हे ओळखायचं काम ऑपरेटिंग सिस्टिमचं. विंडोजला एक्स्ट-४ आपणहून वाचता येत नाही, आणि वाचता येत नाही ते फॉरमॅट करायला निघतं! (हसू नका. आजीचं मोडक्या निबेचं अक्षर पाहून मीसुद्धा स्कॅन करताना एक ओळ वाचली नव्हती.) चूक माझीच. फाइल कुठे कुठे उघडावी लागेल याचा विचारच केला नाही.

त्या रात्री तिच्याच लॅपटॉपवर लाइव्ह उबुंटू चालवून पासवर्ड दिला. सगळी पत्रं जागच्या जागी!

आता दुसरी प्रत एक्सफॅटमध्ये केलीय. ती विंडोजवर उघडते, आणि २०१९ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येही तिची सोय आहे. साधं फॅट घेतलं नाही, कारण त्यात ४ जीबीची एक फाइल मावत नाही आणि मामाच्या लग्नाचा व्हिडिओ त्याहून मोठा आहे. एक्सफॅटला जर्नल मात्र नाही. त्यामुळे अनमाउंट न करता माझा पेनड्राइव्ह कोणी उपटला तर खबरदार!

पहिलं पत्र परवा वाचून संपवलं. दोन शब्द अडले, ते आईला फोन करून विचारले.