पट्टेदार पाहुणा

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, मॅसॅच्युसेट्स राज्यात, कोपरात वाकविलेल्या बाहूसारखी एक चिंचोळी भूमी अटलांटिक महासागरात शिरली आहे. तिचे नाव केप कॉड. ह्या बाहूच्या कवेत जो उपसागर सामावला आहे, त्याच्या ब्रूस्टर गावाकडील किनाऱ्यावर ओहोटीचा देखावा पाहण्यासारखा असतो. पाणी हटू लागले, की ते मैलभर मागे जाते. जेथे दुपारी होड्या तरंगत होत्या, तेथे सायंकाळी मुले अनवाणी हिंडतात. ओल्या वाळूचे लांबच लांब पट्टे उघडे पडतात आणि त्यांच्यामधल्या सखल जागी पाण्याचे ओहळ चमकत राहतात.

दर वर्षी वसंत ऋतूत ह्या किनाऱ्यावर एक पाहुणा येतो. तो म्हणजे स्ट्राइप्ड बास हा मासा. अंग रुपेरी आणि त्यावर कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत सात-आठ काळसर रेघा, जणू कोणी पट्टीने आखलेल्या! त्याचा जन्म गोड्या पाण्यातला. चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत आणि हडसन नदीत मादी अंडी घालते. पिल्ले वाढली, की समुद्र गाठतात. मग वसंतात उत्तरेकडे आणि शरदात दक्षिणेकडे अशी त्यांची शेकडो मैलांची वारी सुरू होते.

ह्या माशाचे तेथील लोकांवर जुने ऋण आहे. 1639 साली, म्हणजे आपल्याकडे शिवाजीमहाराज नऊ वर्षांचे होते तेव्हा, मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने कायदा केला, की बास व कॉड हे मासे शेतात खत म्हणून घालू नयेत. पुढे 1670 मध्ये शेजारच्या प्लिमथ वसाहतीने केप कॉडच्या बास, मॅकरेल व हेरिंग माशांच्या मासेमारीचे उत्पन्न एका विनामूल्य शाळेसाठी राखून ठेवले. माशांनी शाळा चालविल्याचे असे उदाहरण विरळाच!

2024 सालच्या जून महिन्यातील एका सायंकाळी चार मित्र ओहोटीच्या मागोमाग चालत ह्या वाळूवर खूप दूरवर गेले. त्यांत एक लाकडी नावा बांधणारा वृद्ध सुतार होता, एक भूगोलाचा शिक्षक होता, एक टपाल वाटणारा होता आणि एक तरुण डॉक्टर होता. तिकडे जूनमध्ये सूर्य आठ वाजल्यानंतर मावळतो. त्यामुळे उजेड पुष्कळ होता. छातीपर्यंत येणाऱ्या रबरी विजारी घालून, हातात नऊ फुटी काठ्या घेऊन ते गुडघाभर पाण्यात उभे राहिले.

त्यांची मासेमारी मोठी नजाकतीची. नदीकाठी गांडूळ टोचून गळ टाकणारा आणि स्वस्थ बसणारा मनुष्य आपल्या ओळखीचा आहे. येथे गळावर गांडूळ नसते, तर पिसे आणि केस बांधून केलेला लटका मासा असतो. त्याला वजन असे नसतेच. वजन असते ते जाड दोराला. काठी मागे नेली, की दोर मागे हवेत उलगडतो. तो पुरता उलगडेपर्यंत क्षणभर थांबावे लागते. नंतर काठी पुढे आणली, की दोर आपल्याबरोबर त्या लटक्या माशाला दूर घेऊन जातो. तो क्षणभराचा धीर ज्याला साधला नाही, त्याचा दोर त्याच्याच कानाभोवती गुंडाळतो. मग डाव्या हाताने दोर थोडा थोडा ओढून कमरेला बांधलेल्या टोपलीत साठवायचा, म्हणजे आमिष जिवंत माशासारखे पळते. लेफ्टी क्रे नावाच्या निष्णात मासेमाराने चेसापीकच्या बास माशांसाठी असे एक आमिष तयार केले आणि त्याचे नाव ‘डिसीव्हर’, म्हणजे फसव्या, असे ठेवले. ह्या फसव्याचे चित्र 1991 साली अमेरिकेच्या टपाल तिकिटावरही झळकले.

तासभर काहीच घडले नाही. टपालवाला आपल्या जुन्या पराक्रमांच्या कथा सांगत होता. त्या कथांतील मासे दर वर्षी चार बोटे लांब होत असत. अखेर ओहोटी संपली, पाणी उलट फिरले आणि सुरय पक्षी ओरडत एका जागी घिरट्या घालू लागले. खालून बासचा थवा बोटाएवढ्या माशांना वर रेटीत होता. येथेच ह्या जागेची मेख आहे. बास येतो तो भरतीबरोबर आणि भरती आली, की माणसाने निघायचे असते; कारण मासेमार समोर पाहत असतो तेव्हा त्याच्या पाठीमागचे ओहळ आधी भरतात.

डॉक्टराने लागोपाठ तीन मासे ओढले आणि सोडले. “मोजा, मोजा!” तो आनंदाने ओरडला.

“मी मोजतोच आहे,” वृद्ध सुतार म्हणाला. “सोडलेल्या शंभरांतले नऊ पुढे मरतात असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तुझ्या तिघांचा हिशेब तूच कर.”

म्हाताऱ्याच्या बोलण्यामागे आठवण होती. 1980 च्या सुमारास हा मासा दिसेनासा झाला होता. 1984 साली अमेरिकेच्या काँग्रेसने त्याच्या रक्षणासाठी कायदा केला; मेरीलँड राज्याने 1985 पासून 1990 पर्यंत तो पकडण्यास पूर्ण बंदी घातली. 1995 साली मासा सावरल्याचे जाहीर झाले, परंतु 2019 च्या पाहणीत तो पुन्हा घटल्याचे आढळले. 2023 पासून समुद्रात हौशी मासेमाराला दिवसाकाठी एकच मासा ठेवता येतो, तोही 28 ते 31 इंचांच्या दरम्यानचा. ह्याहून मोठे मासे बहुधा माद्या असतात आणि एक मोठी मादी लाखो अंडी घालते.

“मग सोडायचाच, तर पकडायचा कशाला?” डॉक्टराने विचारले. प्रश्न सरळ होता. कोणत्याही मासेमाराने त्याला समाधानकारक उत्तर दिल्याचे ऐकिवात नाही. सुतारानेही दिले नाही. त्याने आपला गळ दाखविला. त्याच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने चेपून टाकलेला होता. “आणि एका सायंकाळी एकच,” तो म्हणाला.

त्याचा तो एक आला तेव्हा सूर्य बुडाला होता. दोर सरसर सुटला, रीळ किंचाळू लागले. दहा मिनिटांनी मासा हाताशी आला. काठीवरच्या खुणांशी ताडून पाहिले, तर 38 इंच! गळ सहज निघाला, पण मासा थकून कुशीवर कलंडला. म्हाताऱ्याने ओल्या हाताने त्याचा खालचा जबडा धरला, तोंड प्रवाहाकडे केले आणि तो वाकून उभा राहिला. पाणी कल्ल्यांतून वाहू लागले. इकडे भरती मांड्यांच्या वर चढली.

“चला, मागचा ओहळ भरला!” टपालवाला ओरडला. म्हातारा हलला नाही. शिक्षक त्याच्या दंडाला धरून जवळ उभा राहिला. डॉक्टराने काहीएक न बोलता आपला दोर गुंडाळून टाकला आणि तो दुसऱ्या बाजूला आला. बऱ्याच वेळाने शेपटी एकदा हलली, मग दुसऱ्यांदा. माशाने जबडा झटकला, म्हाताऱ्याच्या तोंडावर खारे पाणी उडविले आणि काळोखात दिसेनासा झाला.

चौघे एकमेकांचे दंड धरून ओहळात शिरले. पाणी छातीला लागले, टपालवाल्याची टोपी वाहून गेली. पलीकडच्या वाळूवर चढून त्यांनी मागे पाहिले, तो ज्या पट्ट्यावर ते उभे होते तेथे आता केवळ लाटा होत्या. किनाऱ्यावरचे दिवे अजून बरेच दूर होते.