वेग आणि ओढ

अमेरिकेस जाऊन आलेला मनुष्य नायगाऱ्याचे वर्णन करणार, हे वाचकांनी गृहीतच धरलेले असते. आम्ही मात्र नायगारा पाहिला नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, शिक्षण खात्याची रीतसर परवानगी काढून, आम्ही उभयता इंदूरहून निघालो ते टेक्सास राज्यात भाच्याकडे पाच आठवडे राहिलो. आणि तेथे सर्वांत बारकाईने आम्ही काय पाहिले असेल, तर लष्कराने काढून टाकलेल्या एका ट्रकच्या आसांचे पोट! ऐकून हसू येईल. पण त्या पोटातील दंतचक्रांवर एका घराचे स्वास्थ्य अवलंबून होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

भाच्याचे घर ह्यूस्टन शहराच्या पश्चिमेस, वस्तीपासून थोडे दूर आहे. आवारात शिरताच प्रथम दृष्टीस पडतो तो हा ट्रक. चपटे तोंड, जमिनीपासून खूप वर असलेली केबिन आणि जवळजवळ चार फूट उंचीची चार चाके. सैन्याच्या दप्तरी त्याचे नाव एम-1078. ऑस्ट्रियातील एका ट्रकच्या धर्तीवर बेतलेल्या या गाड्यांचे कंत्राट 1991 मध्ये दिले गेले, आणि त्या घडल्या भाच्याच्या घरापासून फार दूर नसलेल्या सीली या लहानशा गावी. पुढे 2009 मध्ये नवे कंत्राट विस्कॉन्सिनकडे गेले. म्हणजे जगभर फिरून हा ट्रक लिलावाच्या वाटेने आपल्या जन्मगावाशेजारी परतला होता. भाच्याने तीन वर्षांच्या शनिवार-रविवारी खपून त्याच्या पाठीवर राहण्याजोगी खोली उभारली होती : तीन बिछाने, एक शेगडी, पाण्याची टाकी, आणि नातीसाठी छताला एक काचेची खिडकी. पश्चिम टेक्सासच्या डोंगरांत जाऊन लेकीला त्या खिडकीतून तारे दाखवायचे, हे त्याचे स्वप्न.

आम्हांला तो ट्रक परका वाटला नाही. आम्ही इंदूरचे, महूची छावणी आमच्या अगदी उशाशी. आमच्या लहानपणी आग्रा-मुंबई रस्त्यावर शक्तिमान ट्रकांच्या रांगा लागत. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला तयार होणारा तो ट्रक मानपूरच्या घाटात मुंगीच्या पावलांनी चढे, पण थांबत नसे. लष्करी वाहनाचा धर्मच तो. कोठे अडायचे नाही; पोहोचायला उशीर झाला तरी चालेल.

परंतु सैन्यात जो गुण, तोच महामार्गावर दोष ठरला. हा ट्रक सारा जोर लावूनही ताशी 58 मैलांपलीकडे, म्हणजे सुमारे 93 किलोमीटरांपलीकडे, जाईना. पश्चिम टेक्सासच्या महामार्गावर काही भागात वेगाची मर्यादा 80 मैल आहे. आदल्या हिवाळ्यात ही मंडळी रात्री परतत असताना मागून एक अजस्र ट्रेलर आला. त्याच्या दिव्यांनी केबिन भरून गेली, कर्णा वाजला, आणि हातभर अंतरावरून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी सांगितले, "माझी लेक पुन्हा यात बसणार नाही." सूनबाई बडोद्याच्या, बोलतात थोडे, पण बोलतात ते मोजून. त्या दिवसापासून ट्रक आवारात उभा होता, आणि त्याचा विषय घरात निघेनासा झाला होता. भांडण नव्हते, पण जेवताना नवरा-बायको दोघेही फक्त मुलीशी बोलत. हे आमच्या ध्यानी यायला आठवडा लागला. घरातून त्यांच्या मामींनी मात्र दुसऱ्याच दिवशी ओळखले होते.

"मामा, इंजिनात जोर आहे हो," भाचा आम्हांला म्हणाला, "दोष दात्यांचा आहे." आणि मग त्याने जे समजावले, ते आमच्यासारख्या मराठीच्या मास्तरालाही कळले.

इंजिनाची फिरकी लांब दांड्याने आसापर्यंत येते. आसाच्या मध्यभागी लहान पिनियन आणि मोठा क्राऊन अशी दंतचक्रांची जोडी असते. या ट्रकात दांडा 3.90 वेळा फिरला की क्राऊन एकदा फिरे. पुढे प्रत्येक चाकाच्या तुंब्यात आणखी निम्मी घट होई. म्हणजे चाकाच्या एका फेरीसाठी दांड्याचे 7.80 फेरे. अशाने वेग कमी होतो, पण ओढ वाढते. साठ टक्के चढ, म्हणजे दहा फूट पुढे जाताना सहा फूट वर, अशा वाटा चढण्यासाठी ही रचना होती. उपाय असा, की तुंबे तसेच ठेवून मधली जोडी 3.07 ची बसवायची. मग चाकाच्या एका फेरीस 6.14 फेरे पुरतात. इंजिनाच्या त्याच फिरकीत 58 चे 73 मैल होतात. मात्र निसर्गाच्या बाजारात फुकट काही नाही : ओढीतले रुपयामागे एकवीस पैसे कायमचे गेले. शिवाय या गाडीची चारही चाके सदैव इंजिनाला जोडलेली असल्याने एकच आस बदलून भागत नाही. पुढचा आणि मागचा निराळ्या प्रमाणाचे राहिले, तर दोघे एकमेकांशीच झुंजतात. खर्च म्हणून दुप्पट. भाच्याच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा.

काम करणारे उस्ताद साठीचे, मेक्सिकन वंशाचे, मितभाषी गृहस्थ होते. चार दिवस आम्ही स्टूल टाकून त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलो. तेल काढून आसाच्या पोटातला जड गोळा बाहेर आला. जुनी जोडी निघाली, नवी बसली. पण खरे काम त्यानंतरचे. पिनियन किती आत बसावे, हे कागदासारख्या पातळ चकत्या घालून वा काढून ठरवतात. दोन चक्रांमध्ये मोकळीक किती, हे इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. मग दात्यांना पिवळा लेप लावून चक्रे फिरवतात आणि ठसा कोठे उमटला ते पाहतात. ठसा दात्याच्या मध्यावर हवा. शेंड्याकडे वा मुळाकडे सरकला, तर आज गुरगुर आणि उद्या मोडतोड. पुढच्या आसाचा ठसा उस्तादांना पसंत पडला तो चौथ्या खेपेस. तीन वेळा त्यांनी न कुरकुरता सारे खोलले. तीस वर्षे वह्या तपासताना आम्ही इतका धीर धरला होता काय, हा प्रश्न त्या शेडमध्ये आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

पाचव्या दिवशी चाचणी. नातीला मामींपाशी ठेवून आम्ही तिघे निघालो; सूनबाई केवळ आमच्या आग्रहास्तव आल्या. पूर्वी केबिनमध्ये ओरडून बोलावे लागे म्हणत; आता इंजिनाचा सूर खाली आला होता. काटा 55 वर आला. भाच्याच्या चेहऱ्यावर मुलासारखा आनंद होता. "बघा मामा, अजून पाय पूर्ण दाबलेलाही नाही!"

तेवढ्यात मोबाईलकडे पाहत सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "काटा पंचावन्न दाखवतोय. आपण सत्तरने चाललो आहोत."

क्षणभर कोणी बोलले नाही. उलगडा सोपा होता. वेगाचा काटा चाकांचे फेरे मोजत नाही, आसाच्या अलीकडचे दांड्याचे फेरे मोजतो. दाते बदलले, काट्याला ते कोणी सांगितलेच नव्हते. भाच्याने पाय काढून ब्रेक दाबला, आणि आठ टनांचा तो देह थांबता थांबेना. वेग सव्वापटीने वाढला की थांबवायची ऊर्जा दीडपटीहून अधिक लागते. ब्रेक तर तेच जुने. रस्त्याच्या कडेला उतरून सूनबाईंनी टायरच्या अंगावरचे चार आकडे वाचले. त्यांत घडणीचा आठवडा आणि वर्ष असते. टायर चौदा वर्षांचे होते.

आम्हांला वाटले, आता हे स्वप्न संपले. भाचाही खाली मान घालून उभा होता. तेव्हा त्याने आम्हांला याच गाड्यांची एक जुनी हकीकत सांगितली. दांडा निखळून अपघात होऊ लागले, तेव्हा 1998 मध्ये खुद्द सैन्याने यांच्यावर ताशी 30 मैलांची मर्यादा घातली होती. दोष दुरुस्त होईपर्यंत ती पाळली गेली. "सैन्याला कमीपणा वाटला नाही," सूनबाई म्हणाल्या, "तुम्हांला का वाटावा?" त्याच रात्री जेवणाच्या टेबलावर त्यांनी कागदावर चार कलमे लिहिली : नवे टायर, ब्रेकची संपूर्ण दुरुस्ती, काट्याची सुधारणा, आणि गाडी 73 ची झाली तरी 65 च्या वर नेणे नाही. भाच्याने खाली सही केली. कित्येक महिन्यांनी त्या टेबलावर ती दोघे एकमेकांशी बोलत होती.

आमच्या परतीस दहा दिवस उरले असताना आम्ही पाचही जण निघालो. पहिला मुक्काम केरव्हिलजवळ. तेथून थोड्या अंतरावर कॅम्प व्हर्डे नावाचे जुने लष्करी ठाणे होते. 1856 मध्ये अमेरिकन सैन्याने भूमध्य समुद्रापलीकडून जहाजाने उंट आणवून तेथे ठेवले होते, या कोरड्या मुलखात सामान वाहण्यासाठी. उंट कामाला उत्तम उतरले. पण घोडे-खेचरे त्यांना बुजत, आणि 1861 मध्ये यादवी युद्ध पेटल्यावर तो प्रयोग मागे पडला. 1866 मध्ये उंटांचा लिलाव झाला. सरकारी लिलावात विकला गेलेला लष्करी वाहनांचा तो जुना तांडा, आणि आमचा हा ट्रक त्याचाच वंशज, असे आम्ही म्हणताच नात इतकी हसली, की ट्रकचे नाव त्याच दिवशी 'उंटोबा' पडले.

दुसऱ्या दिवशी महामार्ग. दोहोंकडे चुनखडीच्या टेकड्या, मग खुरटी झुडपे, मग केवळ क्षितिज. काटा आता खरे बोलत होता : 65. गाड्या आमच्या डावीकडून पुढे जात होत्या; पण कोणी अंगावर येत नव्हते. बाल्मोरिया येथे झऱ्याच्या थंड पाण्याचा विशाल तलाव आहे, तेथे दुपार घालवून आम्ही डोंगराकडे वळलो. वाइल्ड रोज खिंडीच्या चढावर गेलेले एकवीस पैसे जाणवले. गिअर आपोआप उतरत गेले, वेग मंदावला. भाच्याने एका बाजूस होऊन मागच्या गाड्यांना वाट दिली. "घाई कोणाला आहे?" सूनबाईच म्हणाल्या. आम्हांला मानपूरचा घाट आठवला.

खिंडीपलीकडे फोर्ट डेव्हिस. सॅन अँटोनिओहून एल पासोस जाणाऱ्या वाटेच्या रक्षणासाठी 1854 मध्ये वसवलेला आणि 1891 मध्ये सोडून दिलेला हा लष्करी तळ; आता तेथे पर्यटक येतात. त्याच्याही वर, पावणेसात हजार फुटांवर, मॅकडॉनल्ड वेधशाळा. रात्री आकाश असे उतरून आले, की दुर्बिणीची गरजच वाटू नये. नात छताच्या खिडकीखाली आडवी होऊन तारे मोजीत होती. एकशे बाराला तिला झोप लागली. बाहेर ट्रकच्या पायरीवर भाचा आणि सूनबाई खूप वेळ हलक्या आवाजात बोलत बसली होती. काय बोलत होती, ते आम्ही ऐकले नाही, ऐकायचेही नव्हते.

इंदूरला परतून आता शाळा सुरू झाली आहे. परवा गणिताच्या तासाला बदली शिक्षक म्हणून गेलो, तेव्हा गुणोत्तराचे उदाहरण आम्ही पुस्तकातले घातले नाही. 3.90 च्या जागी 3.07 घेतले, तर वेग किती वाढेल, असे विचारले. मुलांनी उत्तर बरोबर काढले. मग दुसरा प्रश्न विचारला : "आणि आता आणखी काय काय बदलावे लागेल?" बराच वेळ वर्ग शांत होता. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, ब्रेक."

तिला आम्ही पूर्ण गुण दिले.