ग्योटिंगेन : विद्यानगरी आणि तेथें जाणारीं आपलीं मुलें

संस्कृत व्याकरणाचा थोडाबहुत अभ्यास ज्यांनीं केला आहे, त्यांच्या कानांवरून कीलहॉर्न हें नांव केव्हां ना केव्हां गेलेलें असतेंच. पतंजलीच्या महाभाष्याची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करणारे हे जर्मन पंडित 1866 पासून 1881 पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत अध्यापक होते. नागोजीभट्टांच्या परिभाषेन्दुशेखराचें इंग्रजी भाषांतर त्यांनीं याच काळांत केलें. पुढें स्वदेशीं परतल्यावर 1882 मध्यें ज्या विद्यापीठांत ते संस्कृताचे आचार्य झाले, तें ग्योटिंगेनचें. याच विद्यापीठानें 1885 मध्यें डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांस सन्मान्य पदवी दिली. असा पुण्याचा आणि त्या गांवाचा ऋणानुबंध जुना आहे. मात्र त्या काळीं एखादा विद्वान् येई वा जाई. आतां आपल्याकडून मुलें हजारांनीं जातात. 2022-23 पासून जर्मनींतील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी झाली असून 2023-24 मध्यें ती एकोणपन्नास हजारांच्या वर होती.

माझा पुतण्या तेथील एका संशोधनसंस्थेंत नोकरीस असल्यामुळें सप्टेंबरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत ग्योटिंगेनास राहण्याचा योग मला आला. परत आल्यापासून आळींतील आणि आप्तेष्टांतील मंडळी एकच प्रश्न घेऊन येतात : "मास्तर, तिकडे शिक्षण फुकट असतें म्हणे, आमच्या बाळ्याला पाठवूं का?" प्रत्येकास निराळें उत्तर देत बसण्यापेक्षां जें पाहिलें आणि विचारून घेतलें, तें एकदां लिहून काढावें असें वाटलें.

प्रथम गांवाविषयीं. फ्रांकफुर्टहून आगगाडीनें सुमारें दोन तासांत ग्योटिंगेन येतें. लाइन नांवाच्या लहानशा नदीच्या कांठचें हें गांव. वस्ती सव्वा लाखाच्या आसपासची. जुन्या पेठांभोंवतीं मातीचा तट आहे. त्यावरून तासाभरांत गांवास प्रदक्षिणा होते आणि डोक्यावर लिंडेन वृक्षांची सावली असते. वाटेंत बिस्मार्क विद्यार्थिदशेंत 1833 मध्यें राहिला तें चिमुकलें घर लागतें. त्याच वर्षीं गाउस आणि वेबर या दोन शास्त्रज्ञांनीं याच गांवांत घरांच्या छपरांवरून तार ओढून विजेनें संदेश धाडला होता. त्या दोघांचा पुतळाही तटाजवळच आहे. घराघरांच्या भिंतींवर संगमरवरी पाट्या दिसतात : येथें अमुक गणिती राहिला, येथें तमुक कवि. आपल्याकडील वाड्यांनीं हें अनुकरण करण्यासारखें आहे.

नगरगृहापुढील मुख्य चौकांत मात्र कोणी राजा वा सेनापति नाहीं. तेथें कारंज्यावर हंस राखणाऱ्या एका गरीब मुलीची मूर्ति आहे, ती 1901 मध्यें बसविली. ज्यास डॉक्टर ही पदवी मिळते, त्यानें मित्रांसह मिरवत येऊन, कारंज्यावर चढून या मुलीस पुष्पगुच्छ द्यावयाचा आणि तिचें चुंबन घ्यावयाचें, असा प्रघात आहे. 1926 मध्यें यास कायद्यानें बंदी झाली होती. ती कोणीं फारशी मनावर घेतली नाहीं. आमच्या पिढीस हा प्रकार जरा चमत्कारिक वाटतो खरा, परंतु चार-पांच वर्षें प्रयोगशाळेंत मान मोडून काम केलेल्या एका मुलीस त्या कारंज्यावर चढतांना मीं पाहिलें, आणि तिच्या आईवडिलांचे पाणावलेले डोळेही पाहिले. ते आपल्याकडील आईबापांहून निराळे नव्हते.

या विद्यापीठाच्या इतिहासांत अभिमानाचें पान आहे तसें लाजेचेंही आहे. 1837 मध्यें राजानें राज्यघटना मोडली म्हणून सात प्राध्यापकांनीं निषेध केला आणि नोकरी गमावली. परीकथांमुळें आपणांस माहीत असलेले ग्रिमबंधु त्यांतलेच. 1933 मध्यें याच ठिकाणाहून मॅक्स बोर्न, एमी नोएथर अशा थोर अध्यापकांना केवळ ज्यू म्हणून काढून टाकण्यांत आलें. बोर्न पुढें कांहीं महिने बंगलोरासही होते. त्यांची समाधि आज ग्योटिंगेनच्याच स्मशानभूमींत आहे. माक्स प्लांक यांचीही तेथेंच.

आतां "फुकट" या शब्दाकडे वळूं. ग्योटिंगेन ज्या नीडरझाक्सन प्रांतांत आहे, तेथें परदेशी विद्यार्थ्यांकडून सर्वसाधारण अभ्यासक्रमांस शिकवणीची फी घेत नाहींत, हें खरें. सहामाही वर्गणी तेवढी द्यावी लागते; ती चारशें युरोंच्या आसपास असून तींत प्रांतांतील आगगाडीचा प्रवासही येतो. परंतु ही स्थिति सर्व जर्मनींत नाहीं. बाडेन-व्युर्टेंबेर्ग प्रांतांत 2017 पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांस दर सहामाहीस पंधराशें युरो पडतात, आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानें 2024 पासून याहूनही मोठी फी बसविली आहे. म्हणून "जर्मनींत फुकट" असें कोणी सांगितल्यास कोणत्या प्रांतांत, हें आधीं विचारावें.

आणि फी नसली तरी पोट आहे. प्रवेशपरवाना मागतांना वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम दाखवावी लागते, आणि बहुतेक मुलें ती एका बंदिस्त खात्यांत भरतात. 2024 च्या सप्टेंबरांत ठरलेली ही रक्कम 11,904 युरो आहे. शंभर रुपयांस एक युरो धरला तर जवळजवळ बारा लक्ष रुपये. हे पैसे कोणी घेत नाहीं. तेथें पोंचल्यावर महिन्यास 992 युरो याप्रमाणें ते आपल्याच हातीं परत येतात. पण एकरकमी उभे करावे लागतात आधीं. विद्यार्थ्यास वर्षांत पूर्ण दिवसाचें काम 140 दिवस किंवा अर्ध्या दिवसाचें 280 दिवस करण्याची मुभा 2024 पासून आहे. तथापि पहिल्या सहामाहींत या मिळकतीवर विसंबूं नये. काम मिळावयास भाषा लागते, आणि तोंवर तो काळ अभ्यासाचाच असतो.

या 992 युरोंतून काय काय वजा होतें, तें ऐका. खोलीचें भाडें तीनशें ते पांचशें युरो. आजारपणाचा विमा सक्तीचा. तिशीच्या आंतील विद्यार्थ्यास तो दरमहा दीडशें युरोंच्या आतबाहेर. घरांत रेडिओ असो वा नसो, नभोवाणीची वर्गणी प्रत्येक बिऱ्हाडामागें दरमहा 18.36 युरो, एका बिऱ्हाडांत तिघे राहिले तर ती तिघांत वांटतां येते. उरलें त्यांत खाणेंपिणें, वह्यापुस्तकें, सायकल आणि हिंवाळी कोट. चैनीस जागा नाहीं आणि अडचणीसही नाहीं. म्हणून बारा लक्षांखेरीज आणखी दोन-अडीच लक्ष वेगळे राखल्याविना मुलास पाठवूं नये, असें माझें मत झालें आहे.

खोली मिळणें हें तर मोठेंच संकट. विद्यार्थिनिवासांत नांव नोंदवून महिनोगणती वाट पाहावी लागते. जाहिरातींत "थंड भाडें" आणि "ऊबदार भाडें" असे दोन शब्द येतात. पहिल्यांत खोली गरम राखण्याचा व पाण्याचा खर्च धरलेला नसतो, आणि आपलीं मुलें तोच आंकडा खरा समजून हुरळतात. अनामत रक्कम कायद्यानें तीन महिन्यांच्या थंड भाड्यापर्यंत घेतां येते. खोली न दाखवितां परदेशांतून आगाऊ पैसे मागणारे भामटेही पुष्कळ. त्यांस एक दमडी धाडूं नये. खोली मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आंत नगरकचेरींत आपला पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यास घरमालकाची सही असलेला दाखला लागतो. ही नोंद झाल्याखेरीज पुढचीं कामें अडतात. म्हणून एखाद्या ओळखीच्याकडे जमिनीवर पथारी टाकून राहिलें म्हणजे भागलें, असा हिशेब तेथें चालत नाहीं.

आमच्या भगिनीवर्गास एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे, ती ऐकून त्या खट्टू होतील. युरोपीय संघांत बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. म्हणजे घरचें साजूक तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या, सगळें विमानतळावरच राहणार. ताजा कढीलिंबही नेतां येत नाहीं. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी हीं खुशाल द्यावींत. तूरडाळ आणि तांदूळ तेथें मिळतात, लोणी उत्तम मिळतें. तूप कढवावयास मुलास आणि मुलीस, दोघांसही, घरींच शिकवावें. माझ्या पुतण्याच्या शेजारच्या बिऱ्हाडांत एका मुलानें दार लावून मिरच्यांची खमंग फोडणी केली, आणि छताला बसविलेलें धुराचें यंत्र असें कांहीं कोकललें कीं, चारी मजले अंगणांत जमा झाले. विद्यापीठाच्या भोजनगृहांत दुपारचें शाकाहारी जेवण स्वस्तांत मिळतें. मीठमसाल्याची अपेक्षा मात्र ठेवूं नये. रविवारीं दुकानें बंद, हें विसरणारा विद्यार्थी पहिल्या रविवारीं उपाशी राहतो.

भाषेविषयीं मी जरा लांबण लावणार, तेवढी मुभा वाचकांनीं द्यावी. वर्गांतील शिकवणें इंग्रजींत असेल. परंतु घरमालक, नगरकचेरी, औषधांचें दुकान, यांचा कारभार जर्मनींत चालतो. निघण्यापूर्वीं निदान वर्षभर ही भाषा शिकावी. आपल्या मुलांस ती जितकी अवघड वाटते, तितकी ती नाहीं. मराठीप्रमाणें तिला तीन लिंगें आहेत, संस्कृताप्रमाणें विभक्त्या आहेत आणि त्याही चारच. समासांची हौस तर आपल्या पंडितांना शोभेल अशी. क्रियापदाचा उपसर्ग तुटून वाक्याच्या अगदीं शेवटीं जातो, त्यास मुलें फार भितात. वेदांत उपसर्ग क्रियापदापासून दूर राहतात हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास त्यांत नवल वाटत नाहीं. शाळेंत संस्कृत केवळ गुणांसाठीं घेणाऱ्यांस हा एक उपयोग सांगून ठेवतों.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख मुख्यतः लिहिला, ती. तेथील परीक्षापद्धति आपल्याहून निराळी आहे. गुणांचा क्रम उलटा : 1 म्हणजे सर्वोत्तम, 4 म्हणजे जेमतेम उत्तीर्ण, 5 म्हणजे अनुत्तीर्ण. त्याहून महत्त्वाचें असें कीं, बहुतेक अभ्यासक्रमांत एका आवश्यक विषयाच्या परीक्षेस ठराविक वेळांच, सामान्यतः तीनदां, बसतां येतें. शेवटल्या संधींतही नापास झाल्यास तो अभ्यासक्रम कायमचा संपतो, आणि जर्मनींतील दुसऱ्या विद्यापीठांतही तोच अभ्यासक्रम घेतां येत नाहीं. आपल्याकडे राहिलेला विषय पुनः पुनः देऊन मुलें पार होतात. तेथें ती सोय नाहीं. राहण्याचा परवाना शिक्षणावर अवलंबून असल्यानें तोही धोक्यांत येतो.

ऑक्टोबरांत तटावर फिरतांना एका मराठी मुलाची गांठ पडली. देशावरच्या एका तालुक्याच्या गांवचा. वडिलांनीं शेत गहाण ठेवून पैसे उभे केलेले. एका विषयांत तो दोनदां नापास झाला होता, तिसरी वेळ फेब्रुवारींत होती. रात्रीं अकरा वाजेपर्यंत सायकलवरून लोकांच्या दारीं जेवणाचे डबे पोंचवी, सकाळीं वर्गांत झोंपेनें पेंगे, आणि रविवारीं घरीं बोलतांना "सर्व उत्तम चाललें आहे" असें सांगे. घरीं आजी, काका, काकू, चुलतभावंडें, सगळीं एका खोलींत जमून त्याच्याशीं बोलत. "इतक्या जणांसमोर खरें कसें सांगूं, आजोबा?" असें तो म्हणाला. या प्रश्नास माझ्याजवळ तत्काळ उत्तर नव्हतें.

त्यास मी दोन ठिकाणीं घेऊन गेलों. विद्यार्थिकल्याणसंस्थेंत मानसिक अडचणींविषयीं सल्ला विनामूल्य मिळतो, आणि विभागांत परीक्षांविषयीं सांगणारा सल्लागार असतो. दुसऱ्याकडून कळलें कीं, मुदतीच्या आंत नांव मागें घेतलें तर ती संधि खर्ची पडत नाहीं आणि परीक्षा पुढच्या सहामाहींत देतां येते. इतकी साधी गोष्ट त्यानें वर्षभरांत कोणास विचारली नव्हती. विचारलें तर आपली नाचक्की होईल, ही भीति. काकांशीं मात्र तो त्याच रात्रीं एकटा बोलला. काका रागावले नाहींत. फक्त "मग डबे पोंचविणें थांबव, दोन महिन्यांचें मी पाहतों," एवढेंच म्हणाले. उन्हाळी सहामाहींत तो 3.3 गुण घेऊन सुटल्याचें पुतण्यानें नंतर कळविलें.

म्हणून एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना माझी विनंति आहे कीं, जाण्यापूर्वींच मुलास घरांतील एक माणूस नेमून द्यावें, ज्याच्याशीं तो इतरांच्या अपरोक्ष बोलेल. तें माणूस बापच असलें पाहिजे असें नाहीं. पुष्कळदां काका, आत्या किंवा थोरली वहिनी हें काम अधिक चांगलें करते. कर्ज किती काढलें, हप्ता किती, हें मुलास स्पष्ट सांगावें. आणि अर्ध्यांतून परत यावें लागलें तर ती रक्कम कशी फिटेल, याचाही हिशेब त्याच बैठकींत करावा. असा हिशेब अपशकुनाचा समजून टाळतात. आपण विमा उतरवितों, त्यास कोणी अपशकुन म्हणत नाहीं.

वेळापत्रकाचें सांगून थांबतों. 2022 च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांस आपलीं प्रमाणपत्रें तपासून घेऊन त्याचा दाखला मिळवावा लागतो, आणि त्यास वेळ जातो. विद्यापीठाचे अर्ज, भाषेची परीक्षा, बंदिस्त खातें, परवान्याची मुलाखत, हें सर्व धरून आदल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुमारास कामास लागावें. हिंवाळी सहामाहीचीं व्याख्यानें ऑक्टोबरच्या उत्तरार्धांत सुरू होतात. तेव्हां सायंकाळीं सहाच्या सुमारास अंधार पडूं लागतो, आणि डिसेंबरांत तर सव्वाचारलाच. सप्टेंबरअखेर ज्याची खोली ठरलेली नाहीं, त्यानें निदान पहिल्या महिन्याचा आसरा पक्का करूनच विमानांत पाऊल ठेवावें.