निवळ पाणी आणि खाणारी तोंडे

घरात खाऱ्या पाण्याचा फिश टँक ठेवणाऱ्यांच्या बोलीत ‘क्लीन-अप क्रू’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. टाकीच्या काचेवर, खडकांवर आणि तळच्या वाळूत जे शेवाळ, उरलेले अन्न आणि विष्ठा साचते ते खाऊन टाकणाऱ्या गोगलगाई, खेकडे, झिंगे अशा जीवांना मिळून हे नाव दिले जाते. आम्ही ज्या दुकानातून हे जीव आणतो तिथे त्याचे सरळ मराठी झाले आहे : सफाई कामगार. “सर, अमुक लिटरला इतके सफाई कामगार टाका, टाकीकडे बघायला नको,” हे वाक्य आम्ही तिथे इतक्या वेळा ऐकले आहे की त्याला आता म्हणीची कळा आली आहे.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. शब्द हा आमच्या पोटापाण्याचा विषय असल्याने जीव निवडताना त्यांच्यावर चिकटवलेला हा शब्द दृष्टिआड करता येत नाही. किंबहुना, या जीवांची निवड करता करता या शब्दाचीच परीक्षा होत गेली, असे म्हणणे अधिक खरे. प्रस्तुत लेख त्या परीक्षेविषयी आहे.

प्रथम टाकीविषयी. सोलापूर हे समुद्रापासून अडीचशे किलोमीटरांहून दूर, मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या घरात नेणारे गाव. इथे तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच काचेत, म्हणजे सुमारे 190 लिटर पाण्यात, आम्ही समुद्राचा एक तुकडा सांभाळतो. पाणी 24 ते 27 अंशांच्या दरम्यान राहावे म्हणून उन्हाळ्यात चिलर लागतो. दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार हे समुद्राचे प्रमाण. कोरड्या हवेत पाणी उडून जाते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून रोज गोडे, शुद्ध केलेले पाणी वरून भरावे लागते. ज्या शहराने अनेक वर्षे काही दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट पाहिली, तिथे हे पाणी जपून वापरावे लागते. शुद्धीकरण यंत्राने बाजूला टाकलेले पाणी आमच्याकडे फरशी पुसायला जाते. टाकीत संवर्धन केंद्रात वाढलेले दोन क्लाउन मासे आहेत आणि झोअँथिड नावाच्या, बटणांच्या गुच्छासारख्या दिसणाऱ्या जीवांच्या तीन वसाहती. दगडी प्रवाळ नाहीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत ते 2001 साली आले आणि ते तिथेच, समुद्रात, असावेत हे आम्हांला मान्य आहे.

अशा टाकीत घाण एका क्रमाने येते. आधी काचेवर आणि वाळूवर तपकिरी पूड पसरल्यासारखा डायॅटमचा थर. तो ओसरतो तोवर हिरवी साय. त्यानंतर, अन्न जास्त पडत असेल तर, खडकांवर केसाळ शेवाळ. कधी वाळूवर लालसर, चिकट पापुद्रा धरतो. त्याला शेवाळ म्हणायची पद्धत असली तरी ते जीवाणूंचे आच्छादन असते आणि ते सहसा कोणी खात नाही. तेव्हा ‘घाण’ ही एक वस्तू नाही. जो हिरवी साय खरवडतो तो मेलेल्या माशाकडे वळून पाहत नाही. जो कुजके खातो तो शेवाळाला तोंड लावत नाही. म्हणून ‘इतक्या लिटरला इतके’ हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. विचारायचे ते तीन प्रश्न : हा काय खातो, कुठे राहतो, आणि ते खाणे संपल्यावर याचे काय?

या प्रश्नांनिशी निवडीला बसावे. नेराइट ही लहान, गोलसर गोगलगाय काच आणि खडक यांवरची साय उत्तम खरवडते. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यांवर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, ही सहज दिसते. पण त्या पट्ट्याची सवय तिच्या अंगात असते. ती पाण्याच्या रेषेवर चढते आणि झाकण नसेल तर बाहेरही पडते. तेव्हा नेराइट हवी तर झाकण हवे. सेरिथ ही लांबट, मळसूत्री शंखाची. ती रात्री हिंडते, वाळूचा वरचा थर विंचरते आणि फटींतले शेवाळ खाते. नॅसॅरियस शेवाळ खातच नाही. ती दिवसभर वाळूत गाडून घेते, फक्त सोंडेसारखी नळी वर ठेवून. अन्नाचा वास आला की वाळूतून एकदम उठते. उरलेले आणि मेलेले हे तिचे अन्न. शेवाळासाठी म्हणून तिला विकत घेणे म्हणजे तिला उपाशी ठेवणे. ट्रोकस आणि टर्बो या मोठ्या गोगलगाई शेवाळ झपाट्याने फस्त करतात, मात्र टर्बो आपल्या वजनाने सुटे खडक आणि प्रवाळ ढकलून देते. शिवाय या दोन्ही कुळांतील काही जाती 2001 सालीच संरक्षित यादीत आल्या आहेत, म्हणून दुकानात नुसते ‘टर्बो’ ऐकून भागत नाही. जात नेमकी विचारावी लागते.

दुसऱ्याच्या शंखात संसार थाटणारा खेकडा सगळ्यांच्या आवडीचा. तो जवळजवळ सर्वच खातो आणि पाहायला मौजेचा असतो. पण तो वाढतो, त्याला मोठा शंख लागतो, आणि रिकामा शंख मिळाला नाही तर तो जिवंत गोगलगाईला तिच्या घरातून ओढून काढतो. ज्याला हा ठेवायचा त्याने वेगवेगळ्या मापांचे रिकामे शंख टाकीत ठेवावेत. घराची सोय न करता कामाला माणूस लावला की काय होते, हे आपल्या शहरांना वेगळे सांगायला नको.

समुद्रकाकडीचे नाव परदेशी पुस्तकांत हटकून येते. ती वाळू गिळते, तिच्यातले सेंद्रिय कण पचवते आणि वाळू मागे सोडते. गांडुळाचीच सागरी बहीण म्हणावी. मात्र भारतात समुद्रकाकड्याही 2001 पासून संरक्षित आहेत, त्यामुळे हा प्रश्न आपल्यापुरता मिटलेला आहे. मिटलेला नसता तरी विचार करावा लागला असता, कारण अनेक समुद्रकाकड्यांच्या अंगात विषारी द्रव्य असते आणि अशी काकडी लहानशा टाकीत मेली तर माशांनाही सोबत नेऊ शकते.

आम्ही शेवटी चार नेराइट, पाच सेरिथ आणि तीन नॅसॅरियस ठेवल्या. दुकानाच्या हिशेबाने ही संख्या निम्म्याहून कमी होती. आणताना प्रत्येक पिशवीत थेंबथेंब टाकीचे पाणी सोडत तासाहून अधिक वेळ घालवला, कारण क्षारतेतला अचानक बदल या जीवांना सोसत नाही. माशांच्या औषधांतले तांबे त्यांना मारक असते, म्हणून तसले औषध या टाकीत पडू द्यायचे नाही, हा दुसरा नियम.

संख्या कमी ठेवण्यामागचे कारण तिसऱ्या प्रश्नात आहे : खाणे संपल्यावर काय? काच लख्ख झाली की मालक सुखावतो, आणि नेमका त्याच दिवसापासून गोगलगाईचा दुष्काळ सुरू होतो. तिने आपले काम जितके चोख केले तितकी ती भुकेच्या जवळ जाते. ती ओरडत नाही, तडफडत नाही. आठवड्यांमागून आठवडे आतल्या आत आक्रसत जाते आणि एके दिवशी वाळूवर नुसता शंख उरतो. तिच्या कुजण्याने पाण्यात पुन्हा खत पडते, पुन्हा शेवाळ येते, आणि मालक पुन्हा दुकानात जाऊन म्हणतो, सफाई कामगार कमी पडले. आमच्या टाकीची मागची काच आम्ही मुद्दाम खरवडत नाही. ती हिरवी असते. पाहुण्यांना ती अस्वच्छ वाटते. आमच्या लेखी ते कुरण आहे.

इथे ‘सफाई’ या शब्दाचे पितळ उघडे पडते. या जीवांपैकी कोणीही साफ करीत नाही, ते खातात. खाल्लेल्याचा काही भाग त्यांच्या अंगी लागतो, बाकीचा विष्ठा होऊन पाण्यात परत येतो, त्याचे नायट्रेट आणि फॉस्फेट होतात, आणि त्यांवर पुन्हा शेवाळ पोसते. घाणीचे रूप पालटते, ती टाकीबाहेर जात नाही. ती टाकीत येते एकाच वाटेने, आमच्या चिमटीतून पडणाऱ्या माशांच्या खाद्यातून. आणि बाहेर जाते तीही बव्हंशी आमच्याच हातून, बादलीने. आठवड्याला वीस लिटर पाणी काढायचे, सातशे ग्रॅम मीठ विरघळवलेले वीस लिटर नवे पाणी घालायचे. तेव्हा सफाई कामगार कोणी असलाच तर तो बादली उचलणारा आहे, आणि सफाईची सुरुवात चिमूट लहान करण्यापासून होते. हे एकदा मान्य केले की ‘किती जीव आणावेत’ हा प्रश्न दुय्यम होतो आणि ‘आपण किती टाकतो’ हा मुख्य.

भाषेच्या अंगाने पाहिले तर हा नुसता शब्दच्छल नव्हे. जो घाण घेतो त्याला घाणीच्या नावाने ओळखायचे, ही आपली जुनी रीत आहे. गिधाड ही मराठीत शिवी आहे. 1990 च्या दशकापासून गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे भारतातील बहुतांश गिधाडे मेली, मेलेली गुरे उघड्यावर कुजू लागली, तेव्हा कुठे शिवीचा अर्थ उलटा लागला. 2006 साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसांबाबत ही रीत किती क्रूर झाली हे दलित साहित्य शिकवताना आम्ही दरवर्षी वर्गात वाचतो. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर 1993 आणि 2013 असे दोन कायदे करावे लागले, आणि आमच्याच जिल्ह्यातील पंढरपुरात वारीच्या काळातला हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. गोगलगाईच्या चरण्याची तुलना माणसाच्या लादलेल्या श्रमांशी करणे हा माणसाचा अवमान ठरेल. ती तुलना आम्ही करीत नाही. तुलना आहे ती पाहणाऱ्याच्या नजरेची. आपण टाकतो आणि दुसऱ्याने उचलावे, त्याने दिसू नये, आणि संपला तर बदली आणावा, ही नजर दोन्हीकडे एकच आहे. म्हणूनच ‘सफाई कामगार’ हा शब्द गोगलगाईसाठी आमच्या तोंडून निघत नाही, आणि माणसासाठी उच्चारताना जीभ क्षणभर थबकते.

या नजरेचा पुढचा मुक्काम पाहायचा तर फार लांब जावे लागत नाही. सोलापूरला पाणी देणाऱ्या उजनीच्या जलाशयात, भीमेच्या पाण्यात, मच्छीमारांच्या जाळ्यात सकर मासा येतो. हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. गोड्या पाण्याच्या घरगुती टाक्यांत काच चाटणारा सफाईवाला म्हणून तो बोटभर लांबीचा विकला जातो, हातभर वाढतो, आणि टाकीत मावेनासा झाला की लोक ‘जीव मारायचा कसा’ म्हणून तळ्यात, ओढ्यात, नदीत सोडून देतात. तिथे त्याच्या चिलखती अंगाला आणि काट्यांना तोंड देणारे फारसे कोणी नसते. तो जाळी फाडतो, बाजारात त्याला भाव नाही, आणि इथल्या माशांच्या खाण्यावर तो वाटेकरी होतो. टाकीतला सफाईवाला जलाशयातली घाण ठरला. मासा तोच आहे. विहिरीत कासव सोडणे किंवा डासांसाठी गप्पी मासे पाळणे या आपल्याकडच्या ओळखीच्या गोष्टी. जीवाकडून काम करून घेण्यात नवे काही नाही. नवे आहे ते काम संपल्यावर त्याला विसरण्याची सोय.

उलट टोकाचे उदाहरण कॅरिबियन समुद्राचे. तिथे लांब काळ्या काट्यांचे डायडेमा नावाचे अर्चिन खडकांवरचे शेवाळ चरत असत. 1983 च्या जानेवारीत पनामाच्या किनाऱ्याजवळ ते मरू लागले आणि सुमारे वर्षभरात त्या समुद्रातील नव्वद टक्क्यांहून अधिक डायडेमा नाहीसे झाले. जमैकाभोवतीचे प्रवाळ आधीच अतिमासेमारीने आणि 1980 च्या चक्रीवादळाने जर्जर झाले होते. चरणारे शेवटचे तोंड गेल्यावर तिथे शेवाळ माजले. 1970 च्या दशकात निम्म्याहून अधिक तळ व्यापणारे जिवंत प्रवाळ 1990 च्या दशकाच्या आरंभी पाच टक्क्यांच्याही खाली आले. 2022 मध्ये हे अर्चिन पुन्हा मोठ्या प्रमाणात मेले. डायडेमाला कोणी कामावर ठेवले नव्हते. तो आपले पोट भरत होता, आणि त्याच्या भुकेवर एक अख्खी वस्ती उभी होती.

घरच्या टाकीसाठी जीव निवडणाऱ्याने यातून काय घ्यावे? आमच्यापुरते उत्तर साधे आहे. काचेवर जे उगवते त्यावर किती तोंडे जगतील तेवढीच तोंडे आणावीत. शेवाळ कमी पडले तर वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा खडकाला रबराने बांधून द्यावा, जसा माशांना त्यांचा घास देतो. टाकी मोडायची झाल्यास ते जीव दुसऱ्या जाणत्या घरी द्यावेत. नदीत, तळ्यात किंवा समुद्रात सोडू नयेत. आणि दुकानात यादी सांगताना ‘सफाई’साठी काय आहे असे न विचारता, ‘आमच्याकडे साय आहे, ती खाणारे कोण आहे?’ असे विचारावे. दुकानदार पहिल्यांदा हसतो. दुसऱ्यांदा तो, टाकीत साय खरेच किती आहे, ते विचारतो.