पाहुण्याचा मान आणि माशाचं डोकं



परदेशात राहणाऱ्या मराठी घराला पाहुण्यांची सवय असते. पण तुम्ही पॅसिफिक महासागरातल्या एखाद्या बेटावर राहत असाल, तर पाहुणा क्वचित येतो आणि आला की दोन आठवडे राहतो. मुंबईहून फिजीला थेट विमान नाही. सिंगापूर, हाँगकाँग नाहीतर ऑस्ट्रेलियात विमान बदलायचं, नांदीला उतरायचं आणि तिथून राजधानी सुवापर्यंत मोटारीने आणखी साडेतीन-चार तास. एवढा प्रवास करून आलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी 'मग परतीचं कधी?' असं कोण विचारणार?

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं सुवाला राहिलो. येणारे आधी फोनवर मला विचारायचे, "मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या का गं?" नाही. फिजीत मलेरिया नाही. डेंग्यू मात्र आहे, पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस आहे, टायफॉईडही आहे. त्यामुळे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांचं मलम आणा, पुराच्या पाण्यातून अनवाणी चालू नका, पोहताना प्रवाळ लागून खरचटलं तर जखम लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. एवढं सांगितलं की माझं काम झालं असं पाहुण्यांना वाटायचं. ज्या आजाराविषयी कुणीच विचारत नाही, त्याच्याबद्दल आज लिहिते आहे.

माझी कॉलेजातली मैत्रीण, तिचे यजमान आणि त्यांची लेक आमच्याकडे आले होते. माणसं मालवणची. भावजी म्हणजे माशांतले दर्दी. सुवाच्या बाजारात पहिल्याच सकाळी त्यांनी एका कोळ्याला कल्ले उघडून दाखवायला लावले. कल्ले लालभडक हवेत, डोळे चकचकीत हवेत, बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. तिथे 'वालू' नावाने विकला जाणारा मासा म्हणजे आपली सुरमई, हे कळल्यावर तर ते खूशच झाले. मैत्रीण रमली ती 'रोरो'वर, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांवर. 'हे तर आपलंच,' असं ती दर जेवणाला म्हणायची. गिरमिटिया मजुरांचं पहिलं जहाज 1879 मध्ये फिजीला आलं, त्यांच्या वंशजांच्या तोंडची हिंदी सगळीकडे कानावर पडते. त्यामुळे आपल्या माणसाला तिथे फार परकं वाटत नाही. हे परकं न वाटणं मोठं गोड असतं, पण त्यात एक धोका आहे. समुद्र ओळखीचा वाटला तरी तो आपला समुद्र नसतो.

मी त्यांना सांगून ठेवलं होतं की इथे खडकाळ किनाऱ्यावरचा, प्रवाळाजवळचा मोठा मासा जपून खायचा. भावजी हसले. "वहिनी, शिळा मासा मला कोणी खपवू शकत नाही." त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण प्रश्न शिळ्याचा नव्हताच.

माझ्या नवऱ्याच्या ओळखीच्या एका कुटुंबाने पाहुण्यांना दोन दिवस आपल्या बेटावरच्या गावी नेलं. तिथली रीत अशी, की गावात जाताना यंगोनाच्या मुळांची जुडी घेऊन जायचं, ती गावप्रमुखापुढे ठेवायची आणि मग सगळ्यांनी मिळून त्या मुळांचं पेय प्यायचं. यालाच कावा म्हणतात. कावा प्यायल्यावर ओठ आणि जीभ जरा बधिर होतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. संध्याकाळी गावकऱ्यांनी पकडलेला मोठा बाराकुडा शिजला आणि मानाचा पाहुणा म्हणून डोकं भावजींच्या पानात वाढलं गेलं. कोकणी माणसाला डोकं वाढल्यावर तो नको म्हणेल का?

त्या रात्रीच उलट्या आणि जुलाब सुरू झाले. पहाटे ओठांना, जिभेला, बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या. 'काव्यामुळे असेल,' असं सगळ्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते बोटीने परत आले. मी त्यांना फ्रीजमधलं पाणी दिलं, तर त्यांनी ग्लास झटकन खाली ठेवला. "वहिनी, हे उकळतं आहे का?"

तेव्हाच मला समजलं. काव्याने आलेला बधिरपणा थोड्या वेळात ओसरतो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकत नाही. आणि गार वस्तूचा चटका बसणं ही एका आजाराची जवळजवळ सही आहे. त्याचं नाव सिग्वाटेरा.

हे विष मासा स्वतः बनवत नाही. मेलेल्या प्रवाळावर वाढणाऱ्या शेवाळावर गॅम्बियरडिस्कस नावाचे अतिसूक्ष्म जीव राहतात. विषाची सुरुवात त्यांच्यात होते. शेवाळ खाणारे लहान मासे ते पोटात घेतात. लहानांना मोठे खातात, मोठ्यांना त्याहून मोठे, आणि दर पायरीला विष साठत जातं. म्हणून बाराकुडा, मोठा हेकरू, मोठी तांबोशी, मोरे ईल या माशांत ते जास्त सापडतं. माशाच्या अंगातही ते सगळीकडे सारखं नसतं. मांसापेक्षा डोकं, काळीज, आतडी आणि गाबोळी यांत ते अधिक असतं. म्हणजे आपण ज्याच्यावर तुटून पडतो, नेमकं तेच.

खुद्द माशाला याने काही होत नाही. तो धडधाकट पोहत असतो. कल्ले लाल, डोळे चकचकीत, वास नाही, चवीत फरक नाही. शिजवून, तळून, बर्फात ठेवून, चिंच-कोकम घालून हे विष जात नाही. माशी बसत नाही म्हणजे मासा विषारी, चांदीचं नाणं काळं पडलं म्हणजे विषारी, अशा चाचण्या बेटांवर सांगतात. त्यांच्यावर विसंबू नका. बेटाच्या एका बाजूचा मासा निर्धोक आणि दुसऱ्या बाजूचा विषारी, असंही असू शकतं. वादळाने किंवा बांधकामाने प्रवाळ मेला की शेवाळाला नवी जागा मिळते आणि कालपर्यंत चांगली असलेली जागा बिघडू शकते. त्या गावाने तिथले मासे आयुष्यभर खाल्ले होते.

आता चटक्याचं कारण. आपल्या मज्जातंतूंवर सोडियम आत सोडणारी बारीक दारं असतात. संदेश जायचा असेल तेव्हा ती उघडतात आणि लगेच मिटतात. सिग्वाटेराचं विष ती उघडीच धरून ठेवतं. मग तंतू कारण नसताना संदेश पाठवत राहतात, मुंग्या येतात, अंग खाजतं, गार स्पर्शाचा जाळल्यासारखा चटका बसतो. 'गरम गार लागतं आणि गार गरम' असं लोक सांगतात, पण नीट विचारलं तर बहुतेकांचं दुखणं गार वस्तूचंच असतं.

मला काळजी मात्र वेगळीच होती. या विषाने नाडी मंद होऊ शकते आणि रक्तदाब उतरू शकतो. भावजींना रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू होतं, तेही नाडी मंद करणारं. जुलाबांनी अंगातलं पाणी गेलेलं. नाडी मोजली, 44. बसते केले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. गोळ्यांची पिशवी माझ्या हातात, मैत्रीण मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन, अशी आम्ही हॉस्पिटल गाठली. तिथल्या तरुण डॉक्टरने पहिलाच प्रश्न केला, "कोणता मासा? कुठला?" सलाईन लावलं, नाडीसाठी अ‍ॅट्रोपिन दिलं, मेटोप्रोलॉल थांबवलं. या विषावर उतारा नाही. मॅनिटॉल नावाचं औषध शिरेतून देत असत, पण साध्या सलाईनशी तुलना केली तेव्हा त्याचा जास्त फायदा दिसला नाही. लक्षणं सांभाळत वाट पाहायची, एवढंच हातात असतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाडी 60 च्या वर गेली, तेव्हा मैत्रीण पहिल्यांदा रडली. तिने त्या जेवणातले चार घासच खाल्ले होते, तिला फक्त बोटांना मुंग्या होत्या. लेकीने रोरो आणि कसावावर भागवलं होतं, ती ठणठणीत होती.

भावजी घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्या गावातले दोन ज्येष्ठ आमच्या दारात आले. हातात यंगोनाची जुडी. दिवाणखान्यात सोफा सोडून खाली जमिनीवर बसले, जुडी पुढे ठेवली आणि मान खाली घालून हळू आवाजात बोलू लागले. क्षमा मागायची ही त्यांची पद्धत. त्यांच्याही घरात दोघातिघांना त्रास झाला होता. भावजींना आधी काही कळेना. कळल्यावर ते भिंतीला धरत उठले आणि त्यांच्यासमोर जमिनीवर जाऊन बसले. "यांना सांगा वहिनी, यांनी मला मानाचं पान दिलं होतं. त्यात यांचा काय दोष?" त्यांनी जुडीला हात लावून ती स्वीकारली. प्यायला मात्र मी दिलं नाही, आणि पाहुण्यांनीही आग्रह केला नाही. मग बराच वेळ सगळे मालवणच्या आणि त्यांच्या बेटाच्या होड्यांविषयी बोलत बसले.

तुम्ही बेटावर जाणार असाल, किंवा तिथे कुणाच्या घरी उतरणार असाल, तर मासे सोडू नका. खोल समुद्रातला ट्यूना या बाबतीत सहसा निर्धोक असतो. प्रवाळाजवळचा मासा असेल तर लहान घ्या, आणि कुठला आहे हे यजमानाला विचारा. मोठ्या माशाचं डोकं, काळीज आणि गाबोळी सोडा. मानाने वाढलेलं पान नाकारायचं कसं, हा प्रश्न राहतोच. 'डॉक्टरने मनाई केली आहे' हे वाक्य जगात सगळीकडे चालतं, माझं नाव खुशाल सांगा. चालू औषधांची यादी खिशात ठेवा. मासे खाल्ल्यानंतर दिवसभरात उलटी-जुलाबांबरोबर मुंग्या आल्या, तर 'पोट बिघडलं' म्हणून घरी थांबू नका.

आणि परत आल्यावर काय? हे दुखणं काही आठवडे, कधी काही महिने रेंगाळतं. दारू, मासे, दाणे-काजू, कधी कॉफीही लक्षणं पुन्हा उफाळून आणू शकतात. आपल्याकडे हा आजार फारसा कुणी पाहिलेला नसतो, जरी 2016 मध्ये मंगळुरूहून अशा विषबाधेची नोंद झाली आहे. मालवणला गेल्यावर भावजींनी गार पाण्याचा चटका बसतो म्हटलं, तर एकाने पित्त म्हणून सांगितलं, दुसऱ्याने मनाचा खेळ. मी निघतानाच त्यांना एक पत्र लिहून दिलं होतं. त्यात आजाराचं नाव, खाल्लेला मासा, नाडी, दिलेली औषधं आणि मेटोप्रोलॉल पुन्हा कधी सुरू करायचं याबद्दल लिहिलं होतं. ते पत्र त्यांनी तिसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, आणि मग मात्र त्यांचं म्हणणं कुणीतरी पुरतं ऐकून घेतलं.

चौथ्या महिन्यात मैत्रिणीचा फोन आला. भावजींनी आदल्या दिवशी सोलकढी प्यायली होती. अजून फ्रीजमधली नाही, बाहेर ठेवलेली. पण दोन वाट्या.