असीरगडची सोन्याची किल्ली

उत्तरेतून दक्षिणेत उतरायचं तर सातपुडा आडवा येतो. त्या डोंगररांगेतल्या खिंडीवर, बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, असीरगड बसला आहे. त्याला 'दख्खनचा दरवाजा' म्हणतात ते उगाच नाही. असीरगड, कमरगड, मलयगड असे एकाखाली एक तीन कोट. अकबरासारख्या बादशहालाही तो लढून घेता आला नाही. कित्येक महिने वेढा चालला आणि जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. कसा? तर सोन्याच्या किल्लीने, असं सांगतात. म्हणजे आतल्या माणसांना पैसे चारले. इतिहासकार गडावर पसरलेल्या रोगराईचंही कारण देतात. काही असो, भिंती शाबूत होत्या, हार आतून झाली.

हा गड पुढे शिंद्यांकडे आला आणि १८१९ मध्ये इंग्रजांनी घेतला. मराठी माणसाने एकदा तरी पाहावा असा. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गोवा एक्स्प्रेसने भुसावळ गाठलं आणि तिथून भाड्याची गाडी केली. गाडी नवीन होती, चालवणारे भाऊ बोलके होते. बुऱ्हाणपूर सोडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, भाऊंनी पट्टा लावलेलाच नाही, तरी गाडी गप्प कशी? पाहतो तर पट्ट्याच्या खाचेत नुसतीच एक लोखंडी जीभ खोचलेली.

"बेल वाजत राहते साहेब, डोकं उठतं. ही लावली की गाडीला वाटतं पट्टा लावला."

गाडीला वाटतं! मला तिथेच सोन्याची किल्ली आठवली. ही तर फारच स्वस्त. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या कारमध्ये पट्ट्याची ही बेल सक्तीची आहे. ताशी ८० किलोमीटरच्या वर गेलं की सूचना देणारा आवाजही. आणि ती बेल मुकी करणाऱ्या क्लिपा इतक्या खपत होत्या की २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांविरुद्ध आदेश काढले, तेव्हा विक्रीच्या १३,११८ जाहिराती उतरवाव्या लागल्या.

युरोपने हाच प्रश्न कसा हाताळला ते पाहण्यासारखं आहे. गाडीलाच थोडी अक्कल द्यावी, असा विचार तिथे २००२ च्या सुमारास 'ई-सेफ्टी' नावाने सुरू झाला. त्यातून 'ई-कॉल' आला. मोठी धडक बसून एअरबॅग उघडली की गाडी स्वतःच ११२ ला फोन लावते आणि आपण कुठे आहोत, कोणत्या दिशेने चाललो होतो तेही कळवते. चालक बेशुद्ध असला तरी. ३१ मार्च २०१८ पासून कारच्या नव्या मॉडेलांना हे सक्तीचं झालं. वेगमर्यादेची पाटी वाचून चालकाला सावध करणारी यंत्रणा जुलै २०२४ पासून तिथल्या प्रत्येक नव्या गाडीत लागते. गंमत अशी की चालकाला ती बंद करता येते. पण पुढच्या वेळी गाडी सुरू केली की ती पुन्हा जागी! तिथल्या माणसालाही आवाजाचा कंटाळा येतो, हे कायदा करणाऱ्यांनी आधीच धरून चाललेलं.

२०२३ मध्ये युरोपीय संघाच्या सत्तावीस देशांत मिळून रस्त्यांवर वीस हजारांच्या आसपास माणसं गेली. आपल्या देशात त्याच वर्षी एक लाख ७२ हजारांवर. लोकसंख्या आपली तिप्पट, बळी आठपट. सगळा फरक यंत्रांचा नाही. रस्ते, शिस्त, परवाने, दवाखाने, सगळंच त्यात आलं.

आणि मंडळी, आपल्या गोव्याची गोष्ट आणखी वेगळी. आपल्याकडे मरतात ते बहुतेक दुचाकीवाले. त्यांना ना पट्टा, ना एअरबॅग, ना ई-कॉल. मला त्यातल्या त्यात आशा वाटते ती समोर माणूस किंवा सायकल दिसली की आपणहून ब्रेक लावणाऱ्या गाडीची. युरोपात तीही टप्प्याटप्प्याने सक्तीची होते आहे. बाकीची बहुतेक यंत्रं आत बसलेल्याला जपतात, हे बाहेरच्यालाही जपतं.

हे मी कोरड्या मनाने लिहीत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा आमचा सहकारी २०११ साली रात्री स्कूटरने घरी जाताना वळणावर पडला. कोणी पाहिलं नाही. पहाटे पाव घेऊन निघालेल्या पोदेराला तो दिसला. १०८ ची रुग्णवाहिका तेव्हा गोव्यात होती, मिनिटांत आलीसुद्धा. पण बोलावणारंच रात्रभर कोणी नव्हतं. हेल्मेट स्कूटरच्या हुकाला लटकत होतं. डॉक्टरांनी डोक्याचाच मार सांगितला. त्याचं टेबल बरेच दिवस तसंच होतं, अर्धवट नोटिंग केलेल्या फायलीसकट.

भाऊंना मी हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पण घाट लागायच्या आधी त्यांनी गाडी कडेला घेतली, ती जीभ काढून डॅशबोर्डच्या खणात टाकली आणि पट्टा ओढला. गोव्याला परतल्यावर मी मुलाच्या स्कूटरचा पुढचा हुक काढून टाकला. हेल्मेट आता एकतर डोक्यावर, नाहीतर हातात. बाजारातून येताना पिशवी कुठे अडकवू म्हणून तो कुरकुरतो. कुरकुरू दे.