दोडामार्गची साल आणि सोलापूरचा काळा मसाला

सोलापूरच्या घराघरांत उन्हाळ्यात जो काळा मसाला भाजून, डंकावर कुटून वर्षभरासाठी भरून ठेवला जातो, त्यात दालचिनी म्हणून पडणारी जाड, गडद तपकिरी साल बहुतांशी दालचिनीची नसतेच. ती कॅशिया, म्हणजे त्याच कुळातल्या निराळ्या झाडाची साल असून व्हिएतनाम, चीन, इंडोनेशिया या देशांतून येते. खरी दालचिनी आपल्याच राज्यात, सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला पिकते आणि घाटावर तिला कोणी विचारत नाही, ही गोष्ट दोडामार्गला जाऊन आलेल्या एका सोलापूरकर पाहुण्याला अजूनही सलते.

कोल्हापूर, चंदगड आणि मग तिलारीचा अंगावर येणारा घाट उतरून भेडशीमार्गे दोडामार्ग गाठता येते. १९९९ साली तालुक्याचे ठिकाण झालेले हे गाव गोव्याच्या हद्दीला इतके खेटून आहे, की नोकरी आणि दवाखाना या दोन्हींसाठी इथला माणूस गोव्याकडेच वळतो. सोलापुरात वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर या जिल्ह्यात तो ३००० च्या वर जातो. त्या पावसावर माड-पोफळीच्या बागा उभ्या आहेत आणि त्यांच्या सावलीत मिरी, जायफळ, दालचिनी. नारळाच्या दोन ओळींमधल्या जागेत मसाल्याची झाडे घेण्याच्या या पद्धतीला 'लाखी बाग' असे म्हणतात, आणि तिचा पुरस्कार दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने केला; 'कोकण तेज' ही दालचिनीची जातही त्याच विद्यापीठाची.

दालचिनीच्या झाडाला उंच होऊ दिले जात नाही. ते बुंध्याशी छाटून फुटवे वाढवतात आणि पावसाळा सरल्यावर, तांबूस पालवी हिरवी होऊन सुरीचे टोक लावताच साल सुटू लागली, की अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांद्या तोडतात. बागायतदाराने पडवीत बसून अशा फांदीची वरची खरखरीत त्वचा खरवडली, पितळी दांडक्याने दाबून ती सगळीकडून घासली, दोन उभे छेद दिले आणि सुरी आत सरकवून साल अखंड उचलली. तिच्या कडा वाळताना आपोआप आत वळतात, लहान तुकडे मोठ्यांच्या पोटात सरकवले जातात आणि अशी थरांची नळी उन्हात न ठेवता सावलीत वाळवतात. "तोंडात घालून बघा, मगे सांगा," एवढेच बागायतदार म्हणाले. चव आधी गोड आणि नंतर हलकीशी तिखट होती; सोलापुरात वर्षानुवर्षे दालचिनी म्हणून जिभेला लागलेला झणका तीत नव्हता.

यातले प्रत्येक काम हातानेच होते आणि मजुरी त्यातच मुरते. त्याउलट कॅशियाची जाड साल इतक्या निगुतीने न सोलताही विकली जाते, म्हणून ती स्वस्त पडते. पाहुण्याने आणलेला नमुना सोलापुरातल्या एका मसाला व्यापाऱ्यापुढे ठेवला, तेव्हा त्याने नळी दोन बोटांत दाबली, ती चुरली आणि "हा भुसा कोण घेणार?" असे म्हणून त्याने हात झटकले. सहज चुरणे हीच या सालीच्या पातळपणाची, म्हणजे दर्जाची, खूण आहे, आणि नेमक्या त्याच खुणेवरून माल नाकारला गेला. वास घेण्याचीही तसदी त्याने घेतली नाही. ज्या बाजाराची परीक्षाच परक्या सालीवर बेतलेली आहे, त्या बाजारात कोकणच्या शेतकऱ्याने आपला माल कोणत्या कसाला लावायचा? अन्न सुरक्षेच्या नियमांत दालचिनी आणि कॅशिया यांची मानके वेगवेगळी आहेत. तरीही पोत्यातून सुटी साल तोलून देताना ती कोणत्या झाडाची, हे गिऱ्हाइकाला सांगितले जात नाही. कॅशियात कुमारिन हे द्रव्य बरेच जास्त असते आणि ते सतत मोठ्या प्रमाणात पोटात गेल्यास यकृताला अपाय होऊ शकतो, हे लक्षात घेता ही माहिती दडून राहणे योग्य नाही.

असे असूनही पुढच्या उन्हाळ्यात घरच्या काळ्या मसाल्यात हीच पातळ साल घातली गेली, तेव्हा सुके खोबरे, धने, दगडफूल आणि मिरची यांच्या भाजणीत तिचा वास हरवून गेला. आमटी नेहमीसारखी लागत नाही, असे घरातल्या वडीलधाऱ्या बाईंनी पहिल्याच घासाला सांगितले आणि ते खरेच होते. व्यापाऱ्याने साल न पारखता नाकारली, हा अन्याय तेवढ्याने पुसला जात नाही. पण या मसाल्याला जाड सालीचाच जोर लागतो, हेही मान्य करावे लागते. आता त्या घरात दोन्ही साली वेगळ्या डब्यांत असतात, जाड मसाल्यासाठी आणि पातळ खिरीसाठी.

खिरीला मात्र साल लागते ती किती! एवढ्या मागणीवर बाग चालत नाही. त्यात २००२ पासून कर्नाटकातून उतरलेले हत्ती या तालुक्यातल्या माड, पोफळी आणि केळी मोडत आले आहेत, आणि माडच आडवा झाला तर त्याच्या आसऱ्याला लावलेले दालचिनीचे झाडही उघडे पडते. साल सोलून दाखवणाऱ्या त्या बागायतदारांनी म्हणूनच दालचिनीची नवी रोपे लावलेली नाहीत.